एरर गेली म्हणजे बग गेला का?

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल. टेबलांचे चौकोन काढायचे, त्यांच्यात रेघा जोडायच्या आणि बटण दाबून खरा डेटाबेस उभा करायचा, अशी साधनं असतात. त्या साधनात अडचण आली की आपण काय करतो, आणि जे करतो ते बरोबर आहे का, याची आज चिकित्सा करायची आहे. उदाहरण म्हणून आम्ही मायएसक्यूएल वर्कबेंच घेतलं आहे. ते फुकट मिळतं, विद्यार्थी प्रोजेक्टसाठी वापरतात, लहान कामं घेणारे लोकही वापरतात. त्यातल्या अडचणीही आता पुष्कळांच्या ओळखीच्या झाल्या आहेत.

'अमुक एरर आली तर तमुक खूण काढा' अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतील. आमचा आक्षेप त्या याद्यांवरच आहे. त्या वाचून एरर जाते. पण ती का आली होती, हे कळत नाही, आणि पुष्कळदा मूळ दोष तिथेच राहतो. आज आम्हाला एवढंच मांडायचं आहे की, मॉडेलिंगच्या साधनातले बहुतेक बग साधनाच्या पोटात नसतात. ते चित्र आणि प्रत्यक्ष डेटाबेस यांच्यामधल्या सांध्यांवर असतात. आणि त्यातले जे सगळ्यात महाग पडतात, ते एरर देतच नाहीत.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरू. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. त्यांना रजिस्टरं बंद करून संगणकावर यायचं आहे. तीन टेबलं पुरेत: सभासद, पुस्तक आणि देवघेव. हे काम गावातल्याच एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने अंगावर घेतलं आहे असं समजा.

एकच टेबल, चार ठिकाणी

तिने सभासद नावाचा चौकोन काढला. आता हे टेबल किती ठिकाणी आहे? एक, पडद्यावरच्या चित्रात. दोन, साधनाच्या फाइलमध्ये. वर्कबेंचची मॉडेलची फाइल खरं तर एक झिप असते. ती उघडली तर आत एक्सएमएल सापडतं, आणि साधनाची खरी वही ती आहे. तीन, त्या वहीवरून साधन जी एसक्यूएल स्क्रिप्ट लिहितं तिच्यात. चार, सर्व्हरवर प्रत्यक्ष तयार झालेलं टेबल.

आपल्याला दिसतं पहिलं. वाचनालयाचं काम चालतं चौथ्यावर. मधली दोन आपण सहसा उघडतही नाही. म्हणून अडचण आली की आपण पुन्हा चित्राकडेच टक लावून बसतो. चित्र बरोबर असतं, आणि मग आपण म्हणतो की साधनातच बग आहे. तपास करायचा तर पहिला प्रश्न असा हवा की, या चारांपैकी कोणत्या दोन ठिकाणांचं आपसांत पटत नाहीये?

आता हा प्रश्न एकेका तक्रारीला लावून बघू.

'व्हिजिबल' या शब्दाची गोष्ट

सगळ्यात गाजलेली तक्रार ही. चित्र पूर्ण झालं, फॉरवर्ड इंजिनिअरिंगचं बटण दाबलं, आणि सर्व्हरने १०६४ क्रमांकाची एरर दिली. १०६४ म्हणजे वाक्यरचना चुकली. स्क्रिप्टमध्ये बघितलं तर इंडेक्सच्या ओळीच्या शेवटी 'व्हिजिबल' असा एक शब्द आहे. आपण तो लिहिलेला नाही, साधनाने लिहिला.

याद्यांमधला उपाय असा की, स्क्रिप्ट दुसरीकडे चिकटवा, सगळे 'व्हिजिबल' शोधून पुसा आणि चालवा. चालते की! पण कारण काय ते बघा. इंडेक्स तात्पुरता 'अदृश्य' ठेवायची सोय मायएसक्यूएलमध्ये ८.० या व्हर्जनपासून आली. ते व्हर्जन २०१८ साली वापरासाठी जाहीर झालं. वर्कबेंच ८.० धरून चालतं की समोरचा सर्व्हरही ८.० आहे, म्हणून तो शब्द लिहितं. ५.७ च्या सर्व्हरला तो शब्द माहीतच नाही. मारियाडीबीलाही नाही.

आणि इथे आपल्या विद्यार्थ्यांची खरी पंचाईत होते. पुष्कळांच्या लॅपटॉपवर झॅम्प असतं. झॅम्पच्या खिडकीत बटणावर नाव मायएसक्यूएल असं लिहिलेलं आहे, पण २०१५ पासून आत बसलेला सर्व्हर मारियाडीबी आहे. दोघं एका मुळातून आले, पण आता वेगवेगळ्या वाटेने चाललेत. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीचा समज असा की समोर मायएसक्यूएल आहे. साधनाचा समज असा की समोर मायएसक्यूएल ८.० आहे. आणि उत्तर देणारा तिसराच कोणी आहे.

साधनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्कबेंच अशा सर्व्हरला जोडताना दारातच इशारा देतं की, हा सर्व्हर ओळखीच्या व्हर्जनचा नाही. खाली बटण असतं 'कंटिन्यू एनीवे'. आपण ते दाबतो, आणि पंधरा मिनिटांनी आलेल्या एररचा या इशाऱ्याशी काही संबंध असेल हे मनातही येत नाही.

खरा उपाय एका जागी आहे. प्रेफरन्सेसमध्ये, मॉडेलिंगच्या भागात, मॉडेल कोणत्या व्हर्जनच्या सर्व्हरसाठी आहे ते सांगता येतं. मॉडेलच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्येही ते असतं. तिथे योग्य आकडा दिला की साधन तो शब्द लिहीत नाही. शब्द पुसणं आणि आकडा बदलणं, दोन्हींनी आजची एरर जाते. पण पुसणाऱ्याला उद्या नवं टेबल काढल्यावर पुन्हा पुसावं लागेल, आणि परवा दुसरा एखादा नव्या व्हर्जनचा शब्द आला की पुन्हा शोध सुरू. आकडा बदलणाऱ्याने सांधा जुळवला.

तरीही आमची टीका साधनावर आहेच. हा प्रश्न साधनाने पहिला चौकोन काढण्याआधी विचारायला हवा होता. शिंपी आधी माप घेतो, मग कापड कापतो. इथे कापड कापून झाल्यावर माप विचारायची सोय आहे, तीही आतल्या खोलीत.

दोन्ही बाजूंचा प्रकार सारखा, तरी सर्व्हर म्हणतो वेगळा

आता जरा गुंतागुंतीचं. देवघेव टेबलात सभासद क्रमांक असतो आणि तो सभासद टेबलाकडे बोट दाखवतो. ही फॉरेन की. तिचा नियम असा की दोन्हीकडच्या कॉलमचा प्रकार जुळला पाहिजे. आकडे असतील तर लांबी आणि अनसाइन्ड असणं-नसणं दोन्ही सारखं हवं. अक्षरं असतील तर कॅरेक्टर सेट आणि कोलेशन सारखं हवं.

विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी सभासद क्रमांक साधा इंट ठेवला आणि स्क्रिप्ट चालवली. ती मधेच कुठेतरी अडकली. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, क्रमांक उणे असण्याचं काही कारण नाही, अनसाइन्ड करू. तिने चित्रात दोन्ही टेबलांत बदल केला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सर्व्हर म्हणाला, फॉरेन की घालता येत नाही. जुन्या सर्व्हरवर ही एरर १२१५ क्रमांकाने येते आणि फारसं काही सांगत नाही. मायएसक्यूएल ८.० ची ३७८० ही एरर निदान दोन कॉलम जुळत नाहीत एवढं सांगते.

ती चित्र बघते. दोन्हीकडे अनसाइन्ड. स्क्रिप्ट बघते. तिथेही दोन्हीकडे अनसाइन्ड. मग चूक कोणाची?

कारण स्क्रिप्टमध्येच आहे, पण ते वाचायची सवय लागते. वर्कबेंच टेबल तयार करण्याची आज्ञा लिहिताना तिला 'इफ नॉट एक्झिस्ट्स' जोडतं, म्हणजे 'आधीपासून नसेल तर'. पहिल्या दिवशीची स्क्रिप्ट अडकण्यापूर्वी सभासद टेबल तयार करून बसली होती. मायएसक्यूएलमध्ये टेबल तयार करण्याची आज्ञा आपोआप कायम होते. पुढे स्क्रिप्ट फसली म्हणून मागचं टेबल परत पुसलं जात नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हरने पाहिलं की सभासद टेबल आहे, त्याने ती आज्ञा सोडून दिली. एरर दिली नाही, एक हलकी नोंद ठेवली फक्त. देवघेव मात्र नव्या मापाने बनायला निघालं. सर्व्हर खरंच बोलत होता. त्याच्याकडचं सभासद टेबल अजून कालचंच होतं.

म्हणजे चार ठिकाणांपैकी पहिली तीन एकमताने बोलत होती आणि चौथं मागे राहिलं होतं. अशा वेळी चित्र कितीही निरखलं तरी उत्तर मिळायचं नाही. सर्व्हरला विचारायला लागतं. 'शो क्रिएट टेबल' ही आज्ञा दिली की सर्व्हर त्याच्याकडे टेबल कसं आहे ते स्वतः सांगतो. 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' मध्ये फॉरेन कीच्या शेवटच्या एररचा वेगळा भाग असतो, तिथे कारण बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं सापडतं. या दोन आज्ञा माहीत असतील तर हा तपास पाच मिनिटांचा आहे.

आणि यादीतला उपाय काय सांगतो? 'फॉरेन की चेक्स शून्य करा.' गंमत बघा. वर्कबेंचच्या स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच साधनाने ते शून्य केलेलं असतं. म्हणजे सुचवलेला उपाय आधीच लागू आहे, आणि तरी एरर आली आहे. कारण ती तपासणी बंद असली तरी कॉलमचे प्रकार न जुळणारी फॉरेन की मायएसक्यूएल स्वीकारत नाही. हा उपाय इथे चालणारच नव्हता.

जिथे तो चालतो तिथे तर अधिक धोका आहे. तपासणी बंद करून डेटा भरला आणि मग पुन्हा चालू केली, तर आत आधीच शिरलेल्या ओळी सर्व्हर मागे जाऊन तपासत नाही. देवघेवीत अशा सभासदाच्या नावावर पुस्तक गेलेलं असू शकतं, जो सभासद टेबलात नाहीच. चित्रात मात्र रेघ ऐटीत उभी असते.

काही जण पुढची पायरी गाठतात आणि फॉरेन की काढूनच टाकतात. एरर गेली. पण ती रेघ वाचनालयाच्या वतीने पहारा देत होती, आणि पहारेकरी ओरडतो म्हणून आपण त्याला घरी पाठवलं.

नाव बदललं की काढून टाकलं?

पुढचा सांधा सिंक्रोनाइझेशनचा. डेटाबेस चालू झाला, चार हजार सभासदांची नावं भरली गेली असं समजा. आता मॉडेलमध्ये काही बदलायचं आणि ते सर्व्हरवर न्यायचं.

कॉलमचं नाव 'नाव' होतं, ते कोणीतरी थेट सर्व्हरवर 'पूर्ण नाव' केलं. मॉडेलच्या फाइलमध्ये अजून 'नाव'च आहे. साधन दोन्हींची तुलना करतं. त्याला काय दिसतं? मॉडेलमध्ये 'नाव' आहे, सर्व्हरवर नाही. सर्व्हरवर 'पूर्ण नाव' आहे, मॉडेलमध्ये नाही. आपल्याला हे नामांतर दिसतं, कारण मधे काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. साधनाकडे फक्त दोन अवस्था आहेत. त्याचा निष्कर्ष असा की, 'पूर्ण नाव' काढा आणि 'नाव' घाला. स्क्रिप्टमध्ये एका ओळीत ड्रॉप, दुसऱ्या ओळीत ॲड. ती चालवली की चार हजार नावं गेली, आणि जागी एक रिकामा कॉलम आला.

हा वर्कबेंचचा बग म्हणायचा का? आम्ही म्हणणार नाही. दोन अवस्थांच्या तुलनेतून नामांतर ओळखता येत नाही, हे कोणत्याही साधनाला लागू आहे. वर्कबेंचने त्यावर तोड काढायचा प्रयत्न केला आहे. फाइलमध्ये प्रत्येक वस्तूच्या नावासोबत तिचं जुनं नाव नोंदवायची जागा असते, म्हणून मॉडेलमध्येच नाव बदललं तर त्याला ते नामांतर म्हणून कळू शकतं. पण ती आठवण त्या फाइलपुरती आहे. सर्व्हरवर परभारे काय झालं, किंवा मित्राकडच्या दुसऱ्या प्रतीत काय झालं, ते तिला कळत नाही. त्यात फाइल झिप असल्यामुळे गिटमध्ये ठेवली तरी कालच्या-आजच्या प्रतीत नेमका काय फरक पडला हे सरळ वाचता येत नाही.

रोमन लिपीतल्या मोठ्या-लहान अक्षरांचाही असाच घोळ होतो. आपल्या लिपीत हा भेद नाही, म्हणून तो आपल्या लक्षातही लवकर येत नाही. विंडोजवरचा सर्व्हर टेबलांची नावं लहान अक्षरांत ठेवतो आणि तुलना करताना भेद मानत नाही. लिनक्सवरचा मानतो. घरी विंडोजवर सगळं सुरळीत चाललेलं काम होस्टिंगच्या लिनक्स सर्व्हरवर नेलं की 'असं टेबल नाही' ही ११४६ क्रमांकाची एरर येते. चित्र तेच, कोड तोच, फक्त एक अक्षर मोठं. म्हणून टेबलांची नावं पहिल्यापासून लहान अक्षरांतच ठेवावीत. मायएसक्यूएल ८.० मध्ये ही सेटिंग सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही.

सिंक्रोनाइझ करताना वर्कबेंच चालवायची स्क्रिप्ट आधी दाखवतं. आमच्या मते त्या सगळ्या विझार्डमधली सगळ्यात मोलाची खिडकी तीच आहे, आणि लोक सगळ्यात जास्त घाईत ओलांडतात तीही तीच. तिथे 'ड्रॉप' हा शब्द शोधावा. सापडला की थांबावं, बॅकअप घ्यावा, आणि मग विचार करावा.

जे बग बोलत नाहीत

आतापर्यंतच्या अडचणींनी निदान कुठेतरी आवाज केला, किंवा स्क्रिप्टमध्ये दिसल्या तरी. आता जे सांगतो त्यात स्क्रिप्ट विनातक्रार चालते.

एक सभासद अनेक पुस्तकं नेतो, एक पुस्तक अनेक सभासद नेतात. विद्यार्थिनीने पुस्तकात वाचलं आहे की याला अनेक-ते-अनेक संबंध म्हणतात. वर्कबेंचच्या पट्टीत त्याचं बटण आहे. ते दाबून तिने सभासद आणि पुस्तक यांवर टिचकी मारली. मधे एक नवं टेबल आपोआप आलं, 'सभासद हॅज पुस्तक' अशा थाटाच्या नावाचं. त्यात दोन कॉलम, आणि दोन्ही मिळून प्रायमरी की. तिने त्याला देवघेव नाव दिलं, तारखा घातल्या. काम सुंदर झालं.

आता त्या प्रायमरी कीचा अर्थ साध्या मराठीत वाचा. 'एक सभासद एक पुस्तक आयुष्यात एकदाच नेऊ शकतो.'

वाचनालय सुरू होतं. काही महिने काहीच होत नाही, कारण लोक नवी नवी पुस्तकं नेत असतात. मग एक दिवस कोणी आजोबा पूर्वी वाचलेली कादंबरी पुन्हा मागतात. पडद्यावर १०६२ येतं: ही नोंद आधीच आहे. ग्रंथपाल काय करणार? समोर माणूस उभा आहे, मागे रांग आहे. ते जुनी नोंद पुसतात आणि नवी घालतात. काम झालं. पण वाचनालयाचा इतिहास एकेका ओळीने पुसला जायला लागला. वर्षाअखेरीस कोणतं पुस्तक किती वेळा गेलं असं विचारलं तर उत्तर चुकीचं येणार, आणि ते चूक आहे हे कोणाला कळणारही नाही.

याला बग म्हणायचं का? साधनाने सांगितलं तेच केलं. सर्व्हरने नियम पाळला. तरीही चूक झाली आहे, आणि तिची किंमत वाचनालय मोजतं आहे. आमच्या मते इथे साधनाच्या मांडणीत खरा दोष आहे. पीटर चेन यांनी १९७६ साली एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं तेव्हा संबंध ही स्वतंत्र गोष्ट होती. चित्रात तिला वेगळा, हिऱ्याच्या आकाराचा चौकोन होता. 'नेणं' म्हणजे नेमकं काय, त्याला तारीख असते का, ते पुन्हा पुन्हा घडू शकतं का, हे विचारायला तिथे जागा होती. वर्कबेंच आपल्या चित्राला ईईआर डायग्राम म्हणतं, पण काढतं सरळ टेबलं. संबंधाचं बटण दाबताक्षणी टेबल तयार, की ठरलेली. विचार करायची जी पायरी होती ती साधनाने स्वतः ओलांडली आणि आपल्याला सांगितलंही नाही.

तसंच सलग रेघ आणि तुटक रेघ. एक-ते-अनेक संबंधाची दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. सलग रेघ म्हणजे आयडेंटिफाइंग: समोरच्या टेबलाचा क्रमांक इथल्या प्रायमरी कीचा भाग होतो. तुटक म्हणजे नॉन-आयडेंटिफाइंग: तो नुसता कॉलम राहतो. सलग रेघ दिसायला पक्की वाटते म्हणून बरेच जण तीच घेतात. मग देवघेवीची की दोन कॉलमांची होते, आणि तिला जोडलेल्या दंडाच्या टेबलातही दोन कॉलम ओढून न्यावे लागतात. देवघेव क्रमांक एकच पण सभासद वेगळा, अशा दोन नोंदी हाताने घातल्या तर सर्व्हर मुकाट्याने घेतो. त्याच्या नियमात त्या वेगळ्याच आहेत.

पंचेचाळीस अक्षरांचा प्रश्न

आता आपल्या मराठीशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. वर्कबेंचमध्ये नवा कॉलम घातला की त्याचा प्रकार आपोआप येतो, व्हारचार ४५. पंचेचाळीसच का, असं विचारणारे थोडे. बाकीचे तसंच राहू देतात. म्हणून कोणत्याही डेटाबेसमध्ये ४५ लांबीचे कॉलम ओळीने दिसले की ओळखावं, ही आपली निवड नाही, साधनाची आहे.

इंग्रजी नावाला ४५ बऱ्यापैकी पुरतात. मराठीत हिशेब वेगळा आहे. डेटाबेस आपली अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे घटक मोजतो. 'ज्ञानेश्वर' या नावात आपण चार अक्षरं मोजतो: ज्ञा, ने, श्व, र. डेटाबेस दहा मोजतो, कारण ज, हलन्त, ञ, काना असं सगळं सुटं असतं. यूटीएफ-८ मध्ये त्याचे ३० बाइट होतात.

आता पुस्तक टेबलातला प्रकाशक हा कॉलम घ्या. 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ'. आपल्या मोजणीने १७ अक्षरं आणि मधल्या ५ जागा. डेटाबेसच्या मोजणीने ४२. बसलं, पण काठावर. ग्रंथपालांनी सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन पुढे 'मुंबई' लिहिलं की झाले ४९. आता सर्व्हर कडक मोडमध्ये असेल, आणि मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळात तसाच असतो, तर १४०६ क्रमांकाची एरर येईल. कडक नसेल तर नुसता इशारा देऊन मजकूर कापला जाईल, आणि टेबलात उरेल '...मंडळ, म'.

हे काही तंत्राचं मोठं कोडं नाही. लांबी २०० केली की सुटतं. पण २०० करायचं हे सुचायला आधी कोणीतरी तो ४५ चा आकडा बघून विचारलं पाहिजे की, हा कोणी ठरवला? साधन घडवताना कोणाचं नाव डोळ्यासमोर होतं?

मग तपास कसा करायचा

आमची शिफारस अशी. एरर आली की तिचा क्रमांक लिहून घ्यावा. चित्राला हात लावू नये. आधी सर्व्हर कोणता आणि कोणत्या व्हर्जनचा ते त्यालाच विचारावं, बटणावरच्या नावावर जाऊ नये. मग स्क्रिप्टमध्ये ती ओळ कोणती ते बघावं. मग 'शो क्रिएट टेबल' देऊन सर्व्हरवर आज काय आहे ते वाचावं. हे झाल्यावर मॉडेल उघडावं. म्हणजे शेवटच्या ठिकाणापासून पहिल्याकडे यायचं. बहुतेक जण उलट चालतात म्हणून त्यांचा दिवस जातो. पहिलीच उभारणी असेल आणि आत डेटा नसेल, तर अर्धवट झालेला डेटाबेस पूर्ण पुसून स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवावी. डेटा असेल तर मात्र पुसायचा विचारही बॅकअपशिवाय करू नये.

आणि न बोलणाऱ्या बगांसाठी एकच उपाय आम्हाला माहीत आहे. प्रत्येक प्रायमरी की आणि प्रत्येक रेघ साध्या मराठी वाक्यात लिहायची आणि ती वाक्यं ग्रंथपालांना वाचून दाखवायची. 'एक सभासद एक पुस्तक एकदाच नेऊ शकतो, बरोबर ना?' ते लगेच म्हणतील, 'छे हो, लोक तेच पुस्तक तीनतीनदा नेतात.' या तपासाला संगणकही लागत नाही. चित्र दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, 'छान आहे.' चौकोन आणि रेघांवर हरकत कशी घ्यायची हे त्यांना ठाऊक नाही. वाक्यावर घेता येते.

साधनं वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. हाताने शंभर ओळींची स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा चौकोन जोडणं बरं, आणि गुंतलेलं मोठं मॉडेल चित्राशिवाय डोक्यात मावत नाही. पण शिकवताना आपण बटणं शिकवतो आणि त्या बटणांमागे साधन कोणतं वाक्य लिहितं ते वाचायला शिकवत नाही. मग विद्यार्थी एररला घाबरतो आणि ती गेली की सुटकेचा श्वास टाकतो. ज्या वाचनालयाचा डेटा आत आहे, त्याचं काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

इथे थांबतो. तुमच्याकडे एखादं जुनं मॉडेल पडून असेल तर घरी जाऊन ते उघडा, आणि त्यात ४५ लांबीचे कॉलम किती आहेत ते मोजा. प्रत्येकासमोर लिहा की ही लांबी कोणी ठरवली.